मेंदूतल्या गाठी आणि औषधाचे पहिले चौदा दिवस

प्रश्न : माझा मोठा भाऊ ४१ वर्षांचा आहे. दादा आणि वहिनी दोघंही एचआयव्हीबाधित आहेत. वहिनी गोळ्या नियमित घेते आणि तिची तब्येत चांगली आहे. दादाने मात्र नोकरीसाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावर दीड वर्षापूर्वी एआरटी (एचआयव्हीची औषधं) सोडली आणि आम्हाला कळू दिलं नाही. गेल्या महिन्यात डोकेदुखी आणि ताप सुरू झाला. मग उजवा हात लुळा पडू लागला, बोलताना शब्द अडखळू लागले आणि एक फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूत पाच-सहा गाठी दिसल्या. सगळ्यांत मोठी डावीकडे आहे, तिच्याभोवती सूज आहे. सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ४२. टॉक्सोप्लाझ्मा (टॉक्सो) या परजीवी जंतूच्या रक्ततपासणीत आयजीजी (जुन्या लागणीची खूण) पॉझिटिव्ह, आयजीएम (नव्या लागणीची खूण) निगेटिव्ह. डॉक्टरांनी 'टॉक्सोप्लाझ्मोसिस असावा' म्हणून सेप्ट्रान डीएस या अँटिबायोटिकची दीड-दीड गोळी दोन वेळा सुरू केली आहे, सोबत सुजेसाठी डेक्सामेथासोन आणि फिटसाठी लेव्हेटिरासिटाम. वजन ५० किलो. आज पाचवा दिवस. ताप उतरला, हात तसाच आहे. नात्यातले एक जण म्हणतात, बायोप्सी न करता औषध म्हणजे अंधारात तीर. दुसरे म्हणतात, हा टीबीच, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा. एआरटी दोन आठवड्यांनी देऊ असं डॉक्टर म्हणाले. तेवढी सवड आहे का? आम्ही माळकरी, घरात मांस शिजत नाही. मग हा जंतू आला कुठून? घरात मांजर आहे, तिला सोडून यायचं का? — एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी धीर देणारी गोष्ट. तुम्ही लिहिलंय ते पाहता दादांचे डॉक्टर योग्य वाटेवर आहेत. एचआयव्ही असलेला पेशंट, सीडी४ १०० च्या खाली, टॉक्सो आयजीजी पॉझिटिव्ह, एमआरआयवर भोवती कडं असलेल्या एकाहून जास्त गाठी, आणि सेप्ट्रान आधीपासून चालू नव्हती. एवढ्या गोष्टी जुळल्या की जगभर बायोप्सीची वाट न पाहता टॉक्सोप्लाझ्मोसिसचं औषध सुरू करतात. मग औषध लागू पडतं का ते पाहतात, आणि त्यावर निदान पक्कं होतं. म्हणजे सध्याचे चौदा दिवस हीच दादांची तपासणी आहे. ती नीट व्हायची तर घरच्यांची नजर डॉक्टरांइतकीच कामाची आहे.

ज्यांना हे औषध लागू पडतं, त्यांच्यातल्या साधारण दहापैकी नऊ जणांत दोन आठवड्यांत फरक दिसतो, बऱ्याच जणांत पहिल्याच आठवड्यात. पाचव्या दिवशी हात तसाच असणं ही घाबरायची बाब नाही. पण एक अडचण तुम्हाला माहीत असायला हवी. दादांना डेक्सामेथासोन चालू आहे. हे स्टेरॉइड गाठींभोवतीची सूज उतरवतं, त्यामुळे गाठ कशाचीही असो, काही दिवस बरं वाटतं. ताप तर स्टेरॉइडने उतरतोच. शिवाय एचआयव्हीत मेंदूत होणारा लिम्फोमा हा कॅन्सरही स्टेरॉइडने तात्पुरता आकसतो. म्हणून ताप उतरला एवढ्यावर टॉक्सो सिद्ध झाला असं धरू नका. सूज मोठी असेल किंवा मेंदू एका बाजूला ढकलला जात असेल तर स्टेरॉइड द्यावंच लागतं. ते का दिलं आणि कधी उतरवत आणणार, एवढं डॉक्टरांना विचारा. स्वतःहून एकदम बंद करू नका. चालू आहे तोवर रक्तातली साखर तपासून घ्या. खरा कौल मिळेल तो स्टेरॉइड कमी होत असतानाही सुधारणा टिकते का यावर, आणि दोन आठवड्यांनी होणाऱ्या दुसऱ्या एमआरआयवर. तो एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर आणि पहिल्यासारखाच कॉन्ट्रास्ट देऊन करा, म्हणजे गाठींची मापं नीट ताडून पाहता येतील. पहिली सीडी आणि फिल्म जपून ठेवा, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर भागत नाही.

तोवर रोज एकाच वेळी, समजा सकाळी गोळ्या दिल्यावर, एवढं करा. दादांना उशीला टेकवून ताठ बसवा. दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा, तळवे वर, डोळे मिटलेले, आणि मनात दहापर्यंत मोजा. उजवा हात खाली येतो का, तळवा आतल्या बाजूला वळतो का, किती आकड्यावर, ते लिहा. हात अजिबात उचलत नसेल तर गादीवर सरकतो का, बोटं मिटतात का, तेवढं लिहा. मग सदऱ्याचं एक बटण उजव्या हाताने लावायला द्या. एक ठरलेलं वाक्य म्हणायला सांगा, रोज तेच. आजचा वार आणि आपण कुठे आहोत हे विचारा. ताप, डोकेदुखी, उलटी, फिट, गोळी पोटात राहिली की उलटून पडली, सगळं वहीत. 'आज बरं वाटतंय' या वाक्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. 'काल चार मोजेपर्यंत हात पडत होता, आज नऊ मोजल्यावर पडला' यावरून येतं. राउंडला ही वही पुढे करा.

बायोप्सी वाईट आहे असं नाही, पण तिची वेळ असते. कवटीला छिद्र पाडून सुईने खोल गाठीचा तुकडा काढायचा, त्यात रक्तस्रावाची भीती असते. पहिल्याच दिवशी ती करावी असं चित्र वेगळं असतं : एकच गाठ, आयजीजी निगेटिव्ह, किंवा पेशंट आधीपासून नियमित सेप्ट्रान घेत असूनही गाठी आल्या. दादांचं तसं नाही. मात्र औषधाच्या पहिल्या आठवड्यातच दादा उतरणीला लागले, म्हणजे हात आणखी पडला, गुंगी वाढली, किंवा १० ते १४ दिवसांत काहीच फरक नाही आणि दुसऱ्या एमआरआयवर गाठी तेवढ्याच किंवा मोठ्या, तर न्यूरोसर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवायला उशीर लावू नका. आणि पाठीतून पाणी काढायचं ठरलं तर त्याआधी मेंदूवर किती दाब आहे याचा अंदाज एमआरआयवरून घ्यावा लागतो, दाब जास्त असताना ते धोक्याचं ठरतं. पाण्यात टॉक्सोचा पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आला तर भरवशाचा, पण निगेटिव्ह आला म्हणून टॉक्सो नाही असं होत नाही.

टीबीची शंका काढणारे नातेवाईक अगदीच चुकीचं बोलत नाहीत. आपल्याकडे मेंदूतली कड्याची गाठ म्हटलं की ट्यूबरक्युलोमा (टीबीची गाठ) आणि सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी) ही दोन नावं आधी येतात, आणि एचआयव्हीत टीबी फार आढळतो. पण टॉक्सोचं औषध, एकेटी आणि जंतांवरचं अल्बेंडाझोल सगळं एकदम सुरू केलं तर दादा सुधारले तरी कशाने सुधारले ते कळणार नाही. पुरळ आलं, कावीळ झाली, तर दोष कोणत्या गोळीचा हेही कळणार नाही. त्यापेक्षा टीबी शोधा : छातीचा एक्स-रे, बेडका येत असेल तर सीबीनॅट (टीबीचा जंतू शोधणारी मशीनवरची तपासणी), पोटाची सोनोग्राफी, मानेतल्या गाठी, आणि जिथे सोय असेल तिथे लघवीत टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी लॅम तपासणी. कुठेही ठोस पुरावा मिळाला तर एकेटी द्यायलाच हवी. याच्याच जोडीला रक्तातलं क्रिप्टोकॉकल अँटिजेन (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका बुरशीची तपासणी) झालं आहे का ते आजच विचारा. सीडी४ १०० च्या खाली असताना ही तपासणी राहून जाणं परवडणारं नाही, कारण तिचा संबंध थेट तुमच्या एआरटीच्या प्रश्नाशी आहे.

दोन आठवडे थांबणं म्हणजे वेळ घालवणं नाही. टॉक्सोचं औषध अंगी लागलं, पुरळ वगैरे आलं तर ते आवरलं, की एआरटी सुरू करतात. ते साधारण दोन-तीन आठवड्यांच्या आत होतं, त्यापुढे विनाकारण लांबवू नये. क्रिप्टोकॉकल किंवा टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) निघाला तर मात्र एआरटीला आणखी काही आठवडे थांबावं लागतं. प्रतिकारशक्ती अचानक जागी झाली की मेंदूत सूज भडकते आणि जीवावर बेतू शकतं. म्हणून आधी शोध, मग सुरुवात. वहिनींच्या डब्यातल्या गोळ्या दादांना आजपासूनच द्याव्यात असं कुणाच्या मनात आलं तरी ते करू नका.

आता गोळ्यांबद्दल. सेप्ट्रान डीएसच्या एका गोळीत ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम आणि सल्फामेथॉक्साझोल ८०० मिलिग्रॅम असतं. टॉक्सोसाठी ट्रायमेथोप्रिम दर किलोला ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, असा हिशेब असतो. ५० किलोला २५० मिलिग्रॅम, दीड गोळीत २४०. डोस बरोबर आहे. गिळताना ठसका लागत असेल तर गोळी रेटू नका. पूर्ण बसवून आधी एक चमचा पाणी द्या. खोकला आला, आवाज ओलसर झाला, तर तोंडाने काहीच न देता नर्सला सांगा. नळीतून चुरलेली गोळी किंवा पातळ औषध जातं. नेहमीच्या पातळ औषधात ५ मिलीमध्ये ट्रायमेथोप्रिम ४० मिलिग्रॅमच असतं, म्हणजे एका वेळेला ३० मिली लागतात. लहान मुलांचा चमचा मोजून दिला तर डोस सहावा हिस्सा भरतो, आणि असं झालेलं कुणाच्या लक्षातही येत नाही. शिरेतून देण्याचीही सोय आहे.

कुणी पायरिमेथामिनबद्दल विचारतील. पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि फोलिनिक ॲसिड ही या आजाराची जुनी, नावाजलेली त्रयी आहे, पण सुटं पायरिमेथामिन आपल्याकडे सहज मिळत नाही. सेप्ट्रान हा तेवढाच चांगला पर्याय मानला जातो, त्यामुळे दादांना दुय्यम उपचार मिळतोय असं मनात आणू नका. मलेरियासाठी येणारी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची गोळी दुकानातून आणून देऊ नका. सल्फाडॉक्सिन अंगात आठवडाभराहून जास्त टिकतं, पुरळ उठलं तर गोळी थांबवूनही ते लवकर निघत नाही. आणि 'रक्त वाढायला' म्हणून फोलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. फोलिक ॲसिड आणि फोलिनिक ॲसिड या निराळ्या गोष्टी आहेत, एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

सल्फाचं पुरळ बहुधा दुसऱ्या आठवड्यात उठतं, म्हणजे तुमच्याकडे आता तो काळ जवळ आलाय. रोज अंघोळ घालताना पाठ, छाती, पोट पाहा. नुसतं लाल खाजरं पुरळ असेल तर डॉक्टर औषध चालू ठेवून सांभाळू शकतात. पण तोंडात, डोळ्यांत किंवा जननेंद्रियाजवळ फोड, कातडी सोलवटणं, पुरळासोबत पुन्हा ताप, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न देता तत्काळ डॉक्टरांना दाखवा. वॉर्डात नसाल तर थेट अपघात विभागात. दुसरी औषधं आहेत, उपचार थांबत नाही.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक वॉर्डात घडते. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. मोठ्या डोसच्या सेप्ट्रानने रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. तेव्हा पोटॅशियमचा रिपोर्ट हातात येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत शहाळी बाजूला ठेवा. केळी आणि संत्र्याचा रसही बेताने. साधं पाणी मात्र, डॉक्टरांनी आवरतं घ्यायला सांगितलं नसेल तर, दिवसाला दोन-अडीच लिटर जाऊ दे. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), पोटॅशियम आणि लिव्हरच्या तपासण्या निदान आठवड्याला एकदा, पोटॅशियम पहिल्या पंधरवड्यात त्याहून जास्त वेळा. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर लगेच 'किडनी गेली' असं समजू नका. ट्रायमेथोप्रिम, आणि पुढे एआरटीतलं डोल्युटेग्राविरही, किडनीला इजा न करता हा आकडा थोडा वर नेतात. किती वाढला आणि चढत चाललाय का, ते डॉक्टर बघतील.

फिटसाठी लेव्हेटिरासिटाम निवडलंय हे फार चांगलं. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीन ही फिटची दुसरी औषधं डोल्युटेग्राविरचा असर कमी करतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या दवाखान्यात कुणी गोळी बदलू पाहिली तर एआरटीचं नाव आधी सांगा. पुन्हा फिट आली तर दादांना कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. घरी असताना पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन. गाडी चालवणं सध्या बंद.

आता माळकरी घर आणि मांजर. हा जंतू, टॉक्सोप्लाझ्मा गोंडी, दादांच्या अंगात या महिन्यात शिरलेला नाही. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह याचा अर्थ लागण जुनी आहे, कदाचित लहानपणीची. धडधाकट माणसाला त्या वेळी बहुधा काही जाणवतही नाही. जंतू मेंदूत आणि स्नायूंत बारीक कोषांमध्ये राखेखालच्या निखाऱ्यासारखा पडून राहतो आणि प्रतिकारशक्ती त्याला तिथेच दाबून ठेवते. सीडी४ १०० च्या खाली, विशेषतः ५० च्या खाली, गेले की कोष फुटतात आणि जंतू वाढू लागतो. म्हणजे आजाराचं कारण एआरटी सुटणं हे आहे. मांस न खाणाऱ्यांनाही लागण होते. मांजरीच्या विष्ठेतून पडलेली जंतूची अंडी ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात, आणि तिथून कोथिंबीर, मेथी, गाजर, विहिरीचं पाणी, मातीचे हात या वाटांनी पोटात जातात. पाण्यातल्या क्लोरिनने ती मरत नाहीत, उकळल्याने मरतात.

मांजर सोडू नका. मांजर आयुष्यात बहुतेक एकदाच, पहिल्या लागणीनंतर दोन-तीन आठवडे, ही अंडी टाकते. ताजी विष्ठा लगेच लागण करत नाही, अंड्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून तिची जागा रोज साफ करायची. ते काम दादा-वहिनींनी करू नये, घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही नाही. मांजरीला कच्चं मांस घालू नका. दादांनी पुढे बागेत हात घालायचा तर हातमोजे घालून. पालेभाजी वाहत्या पाण्याखाली पान न पान चोळून धुवा, नुसतं व्हिनेगरमध्ये किंवा पोटॅशियम परमँगनेटमध्ये बुडवून ठेवण्यावर विसंबू नका. सध्या कच्ची कोशिंबीर नकोच. घराबाहेर कुणी मांसाहार करत असेल तर मांस आतपर्यंत शिजलेलं हवं, मध्ये गुलाबी राहिलेला कबाब नको. दादांपासून घरात कुणालाही टॉक्सो होणार नाही. ताट-वाटी, अंथरूण, शौचालय वेगळं करण्याचं काही कारण नाही.

वहिनींच्या मनात स्वतःविषयी भीती असेलच. त्यांचा सीडी४ चांगला आणि व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल तर हा आजार त्यांना होण्याची शक्यता फारच कमी. दादांच्या उशाशी बसून त्यांच्या स्वतःच्या गोळ्या चुकत नाहीत ना, एवढं तुम्ही बघा.

पूर्ण डोस किमान सहा आठवडे चालतो. नंतर कमी केलेला डोस, आणि तो एआरटीवर सीडी४ २०० च्या वर जाऊन सहा महिने टिकेपर्यंत. त्यानंतरही एआरटी केंद्र सेप्ट्रानची रोजची एक गोळी चालू ठेवायला सांगेल. राष्ट्रीय कार्यक्रमात सीडी४ दोन वेळा, सहा महिन्यांच्या अंतराने, ३५० च्या वर आल्यावरच ती थांबवतात. हात चालू लागला की 'आता बरा झालो' म्हणून ही गोळी सोडण्याचा मोह होतो, आणि गाठी परत येण्याचं नेहमीचं कारण तेच असतं. हाताचा व्यायाम आजपासून पलंगावरच सुरू करा : बोटं उघडणं-मिटणं, मनगट, खांदा, दिवसातून तीन-चार वेळा, हळू. दोन महिने हात तसाच पडून राहिला तर सांधे आखडतात, मग औषधाने गाठ गेली तरी हात मोकळा व्हायला फार वेळ लागतो.

एआरटी केंद्रात जाताना दादांचं जुनं कार्ड आणि सोडण्याआधीच्या गोळ्यांची रिकामी बाटली घेऊन जा. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, एआरटीतल्या दोन औषधांचा तिच्याशी संबंध आहे. सध्या बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर मिळून रोज एकच गोळी मिळते. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं पातळ औषध तिच्यासोबत देऊ नका. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. एकेटी सुरू झालीच आणि तीत रिफाम्पिसिन असेल तर डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते, ती मागून घ्या.

दादांनी औषध का सोडलं हे विचारा, पण जाब विचारल्यासारखं नको. नव्या गावात कुणाला कळेल ही भीती, सुट्टी न मिळणं, जुन्या केंद्राचं अंतर, यातलंच काहीतरी असतं, आणि यातल्या प्रत्येकावर इलाज आहे. नाव दुसऱ्या जिल्ह्यातल्या एआरटी केंद्रात बदलून घेता येतं. तब्येत स्थिर झाली की एका वेळी काही महिन्यांच्या गोळ्या मिळतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार त्यांच्या संमतीशिवाय त्यांची स्थिती कुणाला सांगता येत नाही आणि त्यावरून नोकरीवरून काढता येत नाही. सध्या वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'मेंदूत इन्फेक्शन झालंय' एवढंच सांगितलं तरी पुरे, ते खरंच आहे. केंद्र बदलायची माहिती १०९७ या मोफत क्रमांकावर मिळेल.